उरलेल्या वेळेतलं मैदान

पत्र (ओळखीचे तपशील काढून, थोडक्यात):

मी ४३ वर्षांची आहे, नोकरी करते. मुलगा १८ चा, मुलगी १४ ची. मुलगी फुटबॉल खेळते. तिच्या क्लबच्या व्यवस्थापन समितीवर गेल्या वर्षी मला घेतलं. नऊ जणांत मी एकटीच बाई. मुलींच्या संघाला सरावासाठी संध्याकाळची शेवटची वेळ मिळते. तोवर अंधार पडलेला असतो आणि दिवे अर्ध्याच मैदानावर आहेत. मुलांचे सामने जवळ आले की तीही वेळ जाते. दोन वर्षांपूर्वी संघात २२ मुली होत्या, आता १३ आहेत. मी विषय काढला की उत्तर ठरलेलं: "मुलीच येत नाहीत, तर चांगली वेळ देऊन करायचं काय? आणि त्यांचे सामने बघायला येतं तरी कोण?" अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, त्यांनीच मला समितीवर आणलं. गेल्या बैठकीत ते हसत म्हणाले, "मॅडमचा विषय शेवटी घेऊ." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले.

मुलगी म्हणते, "आई, तू बोलू नकोस. तू बोललीस की सगळे माझ्याकडे बघतात." नवरा म्हणतो, मुद्दा बरोबर आहे पण तुझी पद्धत चुकते. तसंही पुढचं वर्ष तिच्या महत्त्वाच्या परीक्षेचं असल्यामुळे तिचा खेळ वर्षभर थांबवायचाच आहे. (मुलगा त्याच्या परीक्षेच्या वर्षी आठवड्यातून तीनदा खेळायला जायचा, पण तो खेळात पुढे जाईल असं वाटत होतं.) मग मी हा वाईटपणा कशाला घेऊ?

आणखी एक. तीन महिन्यांपूर्वी ऑफिसात चुकून एक तक्ता माझ्यासमोर आला. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या, माझ्यासारखंच काम करणाऱ्या सहकाऱ्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. त्याबद्दल मी आजवर एक अक्षर बोललेले नाही. मुलींच्या मैदानासाठी भांडते आणि स्वतःच्या पगाराबद्दल गप्प बसते. मी ढोंगी आहे का? समितीचा राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

उत्तर:

'ढोंगी' हा शब्द आधी खोडून टाका. दुसऱ्यासाठी मागणारी बाई सगळ्यांना चालते. आई लेकीसाठी पदर खोचून उभी राहिली की लोक कौतुक करतात. तीच बाई स्वतःच्या पगाराबद्दल बोलली की 'हिला पैशाची फार हाव' असं कानावर येतं. वाटाघाटींवर जे अभ्यास झाले आहेत त्यांतही हे दिसलं आहे: बायका दुसऱ्याच्या वतीने मागताना ठाम असतात आणि स्वतःसाठी मागायची वेळ आली की आकडा आपणच आधी खाली आणतात, कारण मागितल्यावर काय ऐकून घ्यावं लागेल याचा त्यांना अंदाज असतो. तो अंदाज बहुतेक वेळा बरोबरही असतो. तेव्हा तुम्ही वारा ओळखून वागलात एवढंच. पगाराकडे मी शेवटी येते, पण तुमच्या अध्यक्षांच्या अर्थाने 'शेवटी' नव्हे.

आधी समितीतलं ते उत्तर बघू, कारण तुमची सगळी अडचण मला त्यातच दिसते. "मुलीच येत नाहीत, तर चांगली वेळ देऊन काय करायचं?" हे ऐकलं की तुम्ही काय करता, ते पत्रावरून कळतं. तुम्ही मुली किती मेहनती आहेत, किती मनापासून खेळतात, हे सांगू लागता. म्हणजे त्यांचं वाक्य तुम्ही खरं धरलेलं असतं आणि त्यावर उतारा म्हणून मुलींची शिफारस करत असता. पण तुमच्याच पत्रातले आकडे घ्या. २२ मुली होत्या तेव्हाही वेळ शेवटचीच होती ना? आधी अर्ध्या उजेडातली वेळ दिली, मग तीही अधूनमधून काढून घेतली, त्यानंतर नऊ मुली गेल्या, आणि आता त्या नऊ जणींचं जाणं हेच वेळ न देण्याचं कारण म्हणून पुढे येतंय.

ही युक्ती जुनी आहे, आणि फुटबॉलमध्ये तर तिची तारीखवार नोंद आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांचा सामना झाला. एका बाजूला 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या कामगार मुली, दुसऱ्या बाजूला सेंट हेलन्सचा संघ. मैदानात ५३,००० माणसं होती आणि जागा नाही म्हणून परत गेलेली हजारो वेगळी. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यांत बायका आल्या, आणि सुट्टीच्या वेळात चेंडू खेळता खेळता हे संघ उभे राहिले होते. सामन्यांचे पैसे धर्मादाय कामांना जायचे. आणि मग ५ डिसेंबर १९२१ रोजी, त्या गर्दीला वर्षही पुरं झालेलं नसताना, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांसाठी अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये आणि असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. नीट बघा, खेळायला कुणी मनाई केली नव्हती. फक्त मैदान काढून घेतलं होतं. ते परत मिळायला १९७१ उजाडलं. मधली पन्नास वर्षं हा खेळ उद्यानांत, मिळेल त्या मोकळ्या जागेत चालला. ना तिकीटखिडकी, ना प्रेक्षकांना बसायला जागा. आणि एवढं झाल्यावर जगभरच्या समित्यांमध्ये आजही भाबडेपणाने विचारतात, बायकांचं फुटबॉल बघतं कोण?

खोट्या बातमीनेही हेच काम साधतं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली, जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कशा कोसळल्या, निम्म्या कशा वाटेतच थांबल्या, याची वर्णनं छापली. शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती १९६० साली रोममध्ये परत आली. (८०० मीटर पळून झाल्यावर पुरुषही गवतावर आडवे होतात. त्यांना कुणी कोसळले म्हणत नाही.)

आता उलटी बाजू. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. त्याचं मूळ कलम इंग्रजीत ३७ शब्दांचं आहे आणि त्यात 'खेळ' हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पण शाळांचे संघ हाही शिक्षणाचाच भाग, म्हणून मुलींसाठी मैदानं, प्रशिक्षक, सामने उभे करणं भाग पडलं. कायदा आला तेव्हा तिथल्या हायस्कूलांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. पुढे त्या तीस लाखांवर गेल्या. पन्नास वर्षांत मुलींच्या रक्तात आवड दसपट वाढली, असं काही झालं नसावं.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं असं की मुली पात्र आहेत हे सिद्ध करण्याचं काम आजपासून सोडा. ते तुमचं कामच नाही. मुलांच्या संघाने चांगली वेळ मिळण्याआधी कुठे पात्रता सिद्ध केली होती? त्याऐवजी समितीकडे हिशेब मागा. आणि मागण्याआधी तो स्वतः मांडून ठेवा. एक वही घ्या आणि आठ आठवडे नुसत्या नोंदी करा. कोणत्या संघाला कोणत्या दिवशी किती वेळ मैदान मिळालं, त्यातलं उजेडात किती, पूर्ण मैदान होतं की अर्धं, ऐनवेळी कुणाचा सराव रद्द झाला, प्रशिक्षक पूर्ण वेळ होता की नाही, हंगामात सामने किती. मुलांच्याही नोंदी करा, आणि तितक्याच प्रामाणिकपणे. मग दर खेळाडूमागे आठवड्याला किती तास येतात तो भागाकार करा. समितीत खजिनदार असतोच. त्याला भावनांचं वावडं असेल, भागाकाराचं नसावं.

हे करताना कदाचित तुम्हाला न आवडणारी माहितीही हाती येईल. नऊ मुली गेल्या त्या सगळ्याच वेळेमुळे गेल्या असतील असं नाही. म्हणून त्या नऊ जणींना, निदान ज्यांच्या आया तुमच्या ओळखीच्या आहेत त्यांना, विचारा. कपडे बदलायला दार लागेल अशी खोली आहे का? पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी घालून खेळायची भीती वाटते का? पांढऱ्या कपड्यांसाठी हट्टी असलेल्या विम्बल्डननेसुद्धा २०२३ पासून खेळाडू बायकांना आतून गडद रंगाची शॉर्ट्स घालायची मोकळीक दिली आहे. इतकी वर्षं हा प्रश्न नव्हता असं नव्हे, तो विचारणारं कुणी त्या टेबलाशी नव्हतं. तुमच्या टेबलाशी तुम्ही आहात. सराव संपल्यावर अंधारात घरी कसं जायचं, कुंपणापाशी कोण उभं राहून काय बोलतं, हेही विचारा. यातल्या काही गोष्टींना मैदानाची वेळ बदलावी लागत नाही, एक कडी लावावी लागते.

हिशेब हाती आला की विषय तोंडी काढू नका. एका पानावर लिहून बैठकीच्या आधी द्या, विषयपत्रिकेवर क्रमांक मागा, आणि जो निर्णय होईल तो कारणासकट इतिवृत्तात लिहायला सांगा. 'सध्या शक्य नाही' असं बोलायला काही लागत नाही, पण लिहायला बसलं की का शक्य नाही ते सुचावं लागतं. मागणीही मेहेरबानीची नको, नियमाची हवी: उजेडातली वेळ आळीपाळीने, एक आठवडा मुलांना, एक मुलींना, सामन्यांसाठी सराव रद्द करायचा तर दोन्ही संघांचा समान वेळा, आणि हे एका हंगामापुरतं करून बघू. तात्पुरत्या गोष्टीला नाही म्हणणं माणसांना जड जातं. एक मात्र लपवू नका. मुलांची काही वेळ जाईल. त्यांच्या पालकांना राग येईल, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही आला असता. 'कुणाचंच नुकसान नाही' असं सांगून विषय पुढे रेटलात तर पहिल्याच रद्द झालेल्या सरावाला तुम्ही खोट्या पडाल.

राहता राहिले भले अध्यक्ष. त्यांना खलनायक करू नका, पण त्या हसण्यात पुन्हा सामीलही होऊ नका. बैठकीबाहेर, चारचौघांत नव्हे, त्यांना सांगा: "तुम्ही मला आणलंत, म्हणून तुमच्याशीच बोलते. तो 'मॅडमचा विषय' झाला की बाकीच्या आठ जणांची सुटका होते. पुढच्या वेळी तो तुम्ही मांडा." काही माणसं खरंच मांडतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं. नाहीच मांडलं, तर दुसरा कोणी शोधा. मुलांच्या संघाचा प्रशिक्षक चालेल, मुलाचा आणि मुलीचा दोघांचा बाप असलेला एखादा सदस्य तर फारच चांगला. एकटी बाई जे सांगते ते तिचं गाऱ्हाणं ठरतं. तेच दोघांनी सांगितलं की ठराव होतो. हे न्याय्य नाही, पण काम होतं.

आणि तुमच्या यजमानांची 'पद्धत'. मुद्दा पटलेल्या माणसाने काठावर उभं राहून पोहायला शिकवू नये. त्यांच्याकडे बरी पद्धत असेल तर पालक म्हणून समितीला एक पत्र त्यांनी त्या पद्धतीने लिहावं. मी चिडून लिहीत नाहीये, खरंच लिहायला सांगा. बापाच्या सहीचं पत्र वेगळं वाचलं जातं, त्याचा उपयोग करून घ्या.

लेकीचं म्हणणं मात्र मी तुमच्या इतर सगळ्या अडचणींपेक्षा गंभीरपणे घेईन. चौदाव्या वर्षी सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळणं ही लहान गोष्ट नसते. ती 'अन्याय सहन कर' असं म्हणत नाहीये, 'मला उदाहरण करू नकोस' असं म्हणतेय. तो हक्क तिला आहे. समितीत यापुढे 'माझी मुलगी' हा शब्द काढू नका. 'संघ' म्हणा, तासांचे आकडे सांगा. वही लिहायला सुरुवात करण्याआधी तिला सांगा, आणि त्या १३ जणींना काय हवंय ते त्यांनाच ठरवू द्या. कुणी सांगावं, त्यांना उजेडातली वेळ नकोच असेल, रविवारचं पूर्ण मैदान हवं असेल. आपण त्यांच्यासाठी मागतो तेव्हा कधीकधी आपल्या चौदाव्या वर्षी आपल्याला जे मिळालं नाही ते मागत असतो.

आता परीक्षेचं वर्ष. या विषयाला तुम्ही अडीच ओळी दिल्यात आणि त्यातली एक कंसात टाकलीत. मी मात्र तिथे अडखळले. मुलगा त्याच वर्षी आठवड्याला तीनदा खेळत होता, मुलीने थांबायचं. कारण तो 'पुढे जाईल असं वाटत होतं'. तो पुढे गेला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी विचारतही नाही. पण मुलगी पुढे जाईल की नाही, हे कुणाला आणि कशावरून कळलं? अर्ध्या मैदानावरच्या सरावावरून?

इथे मला एक जुने डॉक्टर आठवतात. १८७३ साली बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क यांनी असं मांडलं की मुलीच्या शरीरात शक्ती मोजकीच असते, ती वयात येताना अभ्यासात खर्च झाली तर तिचं शरीर, विशेषतः गर्भाशय, नीट वाढत नाही. म्हणून मुलींना मुलांसारखं उच्च शिक्षण देऊ नये. त्यावर मेरी पुटनम जेकोबी या डॉक्टर बाईंनी वाद घालण्याऐवजी बायकांना प्रश्नावल्या पाठवल्या. २६८ जणींनी उत्तरं दिली. काही जणींची महिनाभर नाडी, ताकद वगैरे मोजमापं त्यांनी घेतली, आणि पाळीच्या काळात बायकांना सक्तीच्या विश्रांतीची गरज असते या समजुतीला आधार नाही, असं दाखवलं. निबंध निनावी पाठवायचा होता. १८७६ साली त्याला हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. त्या काळी हार्वर्डचं वैद्यकीय महाविद्यालय बायकांना प्रवेश देत नव्हतं, हे जाता जाता.

गंमत बघा, तेव्हा मुलीने अभ्यास केला तर तब्येत बिघडेल म्हणत होते, आता ती खेळली तर अभ्यास बिघडेल म्हणतात. तिच्या शक्तीचा घडा दोन्ही वेळा तेवढाच, छोटा. मुलाच्या घड्याला तळच नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते, परीक्षेच्या वर्षाचा अपवाद न करता. आणि त्याच संघटनेच्या पाहणीत ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींना ती मिळत नाही असं दिसलं; मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं. ती वर्षभर थांबली की परत येईल असं आपण गृहीत धरतो. पण दोन वर्षांत २२ च्या १३ झालेल्या संघात वर्षभर थांबलेलीची जागा शिल्लक तरी राहील का? मला वाटतं, समितीला 'मुली येत नाहीत' म्हणायला लावणाऱ्या कारणांत हे घरोघरचं वर्षभराचं थांबणंही असतं. तुमच्या घरचंही.

हे टोचेल, मला माहीत आहे. पण लढाईची ही एक जागा अशी आहे की जिथे तुम्हाला कुणाचीच परवानगी लागत नाही. तिलाच खेळ सोडायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिला विचारलंय का, हे पत्रात नाही.

आता तो तक्ता. चुकून दिसलेल्या कागदाचा आधार घेऊ नका आणि त्या सहकाऱ्याचं नावही घेऊ नका. बोलणं तुमच्या पगारावरून त्याच्यावर आणि तिथून 'तुम्ही ते कागद बघितलेत कसे' यावर जाईल. त्याची गरजही नाही. तुम्ही लेखी विचारा: माझ्या पदासाठी पगाराची किमान आणि कमाल मर्यादा काय, त्यात मी कुठे आहे, आणि तिथे असण्याची कारणं काय. त्यासोबत गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडे वाढत गेलेल्या जबाबदाऱ्यांची यादी जोडा, आणि शेवटी एक आकडा लिहा. 'थोडी वाढ' असं नको. फरकामागे एखादं खरं कारण निघू शकतं, त्याच्याकडचा एखादा विशेष अनुभव वगैरे. ते ऐकून घ्या. 'त्याने रुजू होतानाच जास्त मागितला' हे मात्र कामाचं मोल ठरवण्याचं कारण नव्हे.

'पद' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. लंडनमधल्या डॅगनहॅम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी १९६८ साली संप केला. त्यांची तक्रार होती ती श्रेणीची: आमच्या शिवणकामाला कौशल्य लागतं आणि तुम्ही आम्हाला कमी कौशल्याच्या श्रेणीत धरता. संप मिटला तेव्हा त्यांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के मजुरी मिळाली आणि त्या संपाने पुढे ब्रिटनचा १९७० चा समान वेतन कायदा आला. श्रेणी मात्र बदलली नाही. त्यासाठी १९८४ मध्ये पुन्हा संप करावा लागला. म्हणून विचारताना हेही तपासा की काम तेच असताना तुमच्या पदाचं नाव खालचं तर नाही ना. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा १०० क्रमांकाचा करार 'समान मूल्याच्या कामाला समान मोबदला' असं म्हणतो. नुसतं 'समान काम' म्हणत नाही. जगातल्या बहुतेक देशांनी तो मान्य केला आहे. तुमच्याकडचा कायदा त्याला किती धरून आहे हे एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला विचारून घ्या, आणि तेही तक्रार करायच्या आधी. कागदपत्रं घरी नीट लावून ठेवा.

आणखी एक गोष्ट स्वतःपुरती तपासा. अर्थशास्त्रासाठी २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दोनशे वर्षांची आकडेवारी धुंडाळून दाखवलं की आजच्या पगारातल्या तफावतीचा मोठा भाग एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांमधला आहे, आणि तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यानंतर उघडतो. कधीही बोलावलं तरी हजर राहणाऱ्याला जास्त पैसे, आणि घरी मूल असलेल्या दोघांपैकी असं हजर कोण राहू शकतं ते आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या पगारवाढींचा आलेख काढा. मुलं लहान असतानाची वर्षं त्यात ओळखू येतात का बघा. येत असतील तर तो आलेख यजमानांनाही दाखवा. मैदानावर मुलीला सोडायला-आणायला कोण जातं, हा प्रश्न त्या आलेखाशेजारी बसतो.

धोका आहे का? आहे. काही ठिकाणी विचारणाऱ्या माणसाची गोडीगुलाबीने कोंडी होते. म्हणून शक्य असेल तर एकटीने विचारू नका. ऑफिसात अजून दोघी-तिघींना हाच प्रश्न असेल, तर 'पगाराच्या मर्यादा सगळ्यांना कळाव्यात' अशी मागणी एकत्र करा. आइसलँडने २०१८ पासून २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर, आम्ही समान पगार देतो हे कंपनीनेच सिद्ध करायचं बंधन घातलं. जगात एका देशात का होईना, हिशेबाची वही बाईच्या हातातून मालकाच्या हातात गेली. तुमच्याकडे तोवर ती तुम्हालाच लिहावी लागणार.

राजीनाम्याचं विचारलंत. अजून नको. वहीचे आठ आठवडे होऊ द्या, नियमाचा ठराव एकदा मतदानाला जाऊ द्या. त्यानंतरही दमलात, तर खुशाल द्या; कुणी आयुष्यभर एकाच खुर्चीत बसून लढायचा करार केलेला नसतो. फक्त 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहू नका. कारण तासांच्या आकड्यांत लिहा, आणि तुमच्या जागी दोन बायका घ्याव्यात अशी सूचना खाली जोडा.

आणि वही सुरू करण्याआधी, आजच, घरी एक काम करा. मुलाला लेकीशेजारी बसवा आणि परीक्षेच्या वर्षी तीन दिवस खेळ आणि बाकी अभ्यास त्याने कसा बसवला होता, किती वाजता उठायचा, सामन्याच्या आठवड्यात काय सोडायचा, हे तिला सांगायला लावा. त्याला ते आठवत नसेल, तर तुम्हाला नक्की आठवत असेल. त्या वर्षी त्याचं वेळापत्रक बहुधा तुम्हीच सांभाळत होतात.